लग्नाची डीव्हीडी पाकिटात देऊ नका, बॉक्समध्ये द्या

लग्नाचं शूटिंग किंवा जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी करून देण्याचं काम सुरू करताय? मग हे वाचा. रेकॉर्डिंगवर सगळे मेहनत घेतात आणि शेवटी डिस्क मऊ प्लास्टिकच्या पाकिटात सरकवून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. माझं स्पष्ट मत आहे, हे बंद करा.

आज बऱ्याच लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. म्हणजे तुमची डिस्क रोज लागणार नाही, ती कपाटात साड्यांखाली वर्षानुवर्षं पडून राहणार. वापरून खराब होण्यापेक्षा पडून खराब होण्याची भीती जास्त! पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात रसायन घातलेलं असतं. उष्णता आणि दाब मिळाला की असं पाकीट डिस्कला चिकटू शकतं. कागदी पाकीट दुकानात दोन दिवस ठेवायला ठीक आहे, पण कोकणातल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो.

सगळे चमकणारी बाजू जपतात. पण सीडीत डेटाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचं पातळ आवरण. तिथे खोल ओरखडा गेला की विषय संपला. खालचा किरकोळ ओरखडा पॉलिश करून बऱ्याचदा निघतो तरी. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून वरून ती जास्त सुरक्षित. मात्र सारखी वाकवली तर चकत्यांचा जोड सुटू शकतो. म्हणून होलसेलवाल्याकडे बॉक्स घेताना रिकामी डिस्क सोबत न्या, चार-पाच वेळा लावून काढून बघा. मधला खटका इतका कडक असेल की डिस्क वाकवूनच निघते, तर तो माल कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.

ज्वेल केस दिसायला छान, पण पॉलिस्टायरीनची असते, पडली की बिजागरी तुटते. मी १४ मिलिमीटरचा काळा पॉलिप्रॉपिलीनचा बॉक्सच घेईन. जागा खातो, हे खरंय. पण सहज फुटत नाही, पुस्तकासारखा उभा राहतो, कडेला नाव-तारीख छापता येते आणि आत प्रकाश जात नाही. घरी राइट केलेल्या डिस्कमधल्या रंगद्रव्याला ऊन अजिबात मानवत नाही.

बॉक्सचे पैसे वेगळे मागू नका, पॅकेजच्या दरातच धरा. वेगळे मागितले की गिऱ्हाईक म्हणणारच, "राहू द्या, पाकिटातच द्या." आत एक छोटी चिठ्ठी टाका: उभी ठेवा, उन्हातल्या गाडीत ठेवू नका, एक कॉपी पेनड्राइव्हवरही घेऊन ठेवा.

आणि डिस्कवर कागदी स्टिकर नको. फिरताना तोल जातो, सोलायला गेलात तर वरचा थरही सोबत येऊ शकतो. डिस्कवर लिहायला पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा. तुमच्या दुकानाचं स्टिकर बॉक्सवर लावा, कितीही मोठं.