देणाऱ्याचे काय जाते?

अनेकांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या ग्रंथास आपला लेख द्यावा की देऊ नये, या प्रश्नावर आमच्या सुशिक्षित वर्गात जी मते ऐकू येतात ती ऐकून आम्हांस खेद होतो. ज्या समाजांच्या ग्रंथांविषयी हा वाद आहे, ते संगणकाच्या आज्ञावलीचे मूळ लेखन सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुले ठेवतात. त्यांना मुक्तस्रोत समाज म्हणतात. १९९१ साली आरंभ झालेली ‘लिनक्स’ ही अशाच सहकार्याची निर्मिती होय. असे समाज चालवावे कसे, नवख्यास सामावून घ्यावे कसे, तंटे मिटवावे कसे, हे सांगणारे ग्रंथही या मंडळींनी त्याच रीतीने लिहिले. ‘द ओपन सोर्स वे’ हा ग्रंथ २००९ साली ‘रेड हॅट’ कंपनीतील लोकांनी आरंभिला व २०२० साली अनेक लेखकांनी तो नव्याने सिद्ध केला. २०१२ सालच्या ‘ओपन ॲडव्हाइस’मध्ये ४२ जणांनी आपापला अनुभव लिहिला आहे. दोन्ही ग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहेत. त्याच्या मुख्य अटी दोनच: मूळ लेखकाचे नाव सांगावे, आणि बदललेली कृतीही त्याच अटींवर खुली ठेवावी.

यावर पहिला आक्षेप असा की, जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे. लेख दिला की नाव गेले. कायद्यापुढे हा आक्षेप क्षणभरही टिकत नाही. परवाना देण्याचा अधिकार स्वामित्व असणाऱ्यालाच असतो. परवाना दिल्याने स्वामित्व सुटत नाही. उलट त्याच स्वामित्वाच्या बळावर अटी मोडणाऱ्यास जाब विचारता येतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ नुसार, स्वामित्व दुसऱ्यास दिल्यानंतरही, कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि कीर्तीस बाधक अशा विपर्यासास हरकत घेण्याचा लेखकाचा हक्क उरतोच.

आणि गंमत पाहा! परवान्याला भिणारे हेच गृहस्थ एखाद्या प्रकाशकाच्या छापील करारावर, पाच-दहा प्रतींच्या मोबदल्यात, न वाचता सही करतात. परवाना आणि हस्तांतरण यांतील भेद त्यांस ठाऊक नसतो. हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानावा, असे कलम १९ सांगते. परंतु ‘कायमचे, सर्व जगभर’ असे शब्द छापलेले असतील, तर त्या सोयीचा उपयोग काय? आपले खरोखर जाते ते तेथे!

दुसरा आक्षेप: आम्हांस आज्ञावली लिहिता येत नाही, मग आमचा संबंध काय? ज्याने देवस्थानच्या उत्सवसमितीत वर्गणी गोळा केली, हिशेब मांडला, मानपानाचे रुसवे काढले आणि तरुणांना काम सोपवले, त्याला या ग्रंथांतील निम्मे प्रश्न आधीच परिचित आहेत. बिनपगारी माणसे कशाने टिकतात आणि कशाने निघून जातात, हे त्याहून अधिक कोण जाणतो?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, आणि अशा ग्रंथाची प्रत कोणी विकून पैसा केला तरी त्यास अडवता येत नाही. हे ज्यास सोसवत नसेल त्याने देऊ नये. पण अज्ञानास तत्त्वाचे नाव देऊ नये.

परक्यांची उदाहरणे नकोत म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. गोवा विद्यापीठाने चार खंडांत काढलेला कोंकणी विश्वकोश २०१३ साली याच जातीच्या परवान्याखाली खुला झाला. त्याने विद्यापीठाचे नाव गेले नाही. तो ग्रंथ कपाटातून लोकांच्या हाती मात्र गेला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: अटी वाचा, आणि मग लिहा. समाज कसे चालवावेत याचे नियम आज लिहिले जात आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे ते गप्प राहिले, तर ते नियम त्यांच्यावाचून लिहिले जातील. आणि पुढे तक्रार करण्यास त्यांना तोंड उरणार नाही.