सहा महिन्यांची सुट्टी, चौदा वर्षांचा वनवास

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड भरावा लागायचा. त्यामुळे हा लेख वाचताना काही चुका सापडल्या तर पोटात घाला. इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण ज्या विषयावर लिहायचंय तो आमच्या घरात फक्त मराठीतच बोलला जातो. आणि तोही हळू आवाजात.

विषय आहे माझा मामा.

मामा जून २०११ मध्ये टूरिस्ट व्हिसावर अमेरिकेला गेला. न्यू जर्सीत एडिसनला त्याचा मित्र होता. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मिरजेहून जीप करून आम्ही सगळे त्याला सोडायला मुंबईला गेलो होतो एवढं आठवतंय. आजीने भाजणी आणि मेतकूट बांधून दिलं होतं. मामा म्हणाला होता, "दिवाळीला फटाके उडवायला मी आहेच." त्याचं हार्डवेअरचं दुकान कर्जात बुडालं होतं, हे मला फार नंतर कळलं.

त्यानंतर चौदा दिवाळ्या होऊन गेल्या. मामा आला नाही. रामाचासुद्धा वनवास चौदा वर्षांनी संपला होता!

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? प्रत्येकाच्या ओळखीत असा कोणीतरी असतोच. "तो तिकडेच सेटल झाला" म्हणायचं आणि विषय बदलायचा. हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक फॉर्म भरायची वेळ आली आणि 'सेटल' या शब्दाचा खरा अर्थ मला कळला. ते पुढे सांगते. आधी नियम काय आहे ते बघू, कारण हा नियम आपल्यातल्या भल्याभल्यांना माहीत नाही.

पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असला की दहा वर्षं तिथे राहता येतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. साफ चूक! व्हिसा म्हणजे नुसती दार ठोठावायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा इमिग्रेशन ऑफिसर ठरवतो. टूरिस्टला साधारणपणे सहा महिने मिळतात. ही तारीख ज्यात असते त्याला आय-९४ म्हणतात. मामाच्या वेळी हे पांढरं कार्ड पासपोर्टला स्टेपल करून द्यायचे. २०१३ पासून विमानतळावर ते कागदी कार्ड बंद झालं आणि नोंद ऑनलाइन गेली. म्हणजे आता तारीख आपण स्वतःहून बघायची, कोणी हातात आणून देत नाही.

ती तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी तो व्हिसा रद्द होतो, मग त्यावर दहा वर्षं शिल्लक का असेनात. १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्यातली ही तरतूद १ एप्रिल १९९७ पासून लागू आहे.

यातली खरी गोम बघा. बंदी लागते ती बाहेर पडल्यावर. आत बसून राहिलं तर ती सुरूच होत नाही! फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण पंपाला लावलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघितला आहे ना? पाणी एका दिशेने जातं, उलटं येऊ लागलं की झडप बसते. हा कायदा अगदी तसाच आहे. माणूस जितका जास्त राहतो तितकं परत येणं महाग होतं, म्हणून तो आणखी राहतो.

मामाचं गणित मी एकदा रफ वहीत मांडून बघितलं. त्याची तारीख संपली डिसेंबर २०११ ला. जून २०१२ पर्यंत तो परत आला असता तर फक्त व्हिसा गेला असता. डिसेंबर २०१२ च्या आत आला असता तर तीन वर्षांची बंदी, ती २०१५ मध्ये संपली असती. आणि सगळ्यात वाईट केस धरा. जानेवारी २०१३ मध्ये आला असता तर दहा वर्षांची बंदी. ती जानेवारी २०२३ मध्ये संपली असती! म्हणजे सगळ्यात मोठी शिक्षा घरात बसून, बायको-मुलीबरोबर जेवून-खाऊन, आजीच्या शेजारी झोपून भोगली असती तरी मामा आज मोकळा असता. आता तो उद्या आला तरी त्याची दहा वर्षं उद्यापासून मोजायची.

आजी मार्च २०१९ मध्ये गेली. तिला एकच मुलगा. अग्नी माझ्या बाबांनी दिला आणि दादाने मोबाइल धरून ठेवला होता, मामा त्यात बघत होता. मध्येच रेंज गेली आणि त्याचा चेहरा स्क्रीनवर तसाच अडकून राहिला. दहाव्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी घरातल्यांनी पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो, की तुझी इच्छा पुरी करू. गुरुजी म्हणाले, "मुलगा येईल म्हणा." कोणीच पुढे होईना. आई रडत होती, पण तिच्याही तोंडून ते वाक्य निघेना. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण त्या घाटावर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि एकालाही खोटं बोलता आलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

मामाने चैन केली असंही नाही. ग्रोसरीच्या दुकानात बारा-बारा तास काम, तळघरात तिघांत एक खोली. टूरिस्ट व्हिसावर नोकरी करायची परवानगीच नसते, त्यामुळे पगार रोख आणि मालक देईल तेवढा. खरं तर किमान वेतनाचा तिथला कायदा कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही लागू आहे. पण तक्रार करायला जाणार कोण? चोराच्या मनात चांदणं! दुकानाबाहेर पोलिसांची गाडी थांबली तरी मामाच्या पोटात गोळा येतो.

आणि इथे मला माझाही हिशेब दिला पाहिजे. त्याच पैशातून दुकानाचं कर्ज फिटलं. माझ्या फर्स्ट इयरच्या फीमधलेही चाळीस हजार मामाचे होते. तेव्हा मी त्याला नावं ठेवायला बसलेली नाही, तो हक्क मला नाही. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे, जे इकडे असतात त्यांच्याबद्दल. पैसे येत होते तोवर "ये रे परत" असं आमच्यापैकी कोणी जोर देऊन म्हटलंच नाही. नातेवाइकांत अमेरिकेचा रुबाब मात्र मिरवला. ज्या एजंटने त्याला "एकदा आत गेलात की पुढचं पुढे बघू" असं सांगितलं, त्याला आम्ही पेढे दिले होते!

मला अमेरिकेची बाजू कळत नाही असं नाही. कुठलाही देश मुदत घालणारच. आपल्याकडेही २०२५ च्या नव्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे मुदत संपून राहिलेल्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षा अशी असावी की माणूस नियमाकडे परत वळेल. संयुक्त अरब अमिरातीत मुदत टळल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड बसतो, आणि २०२४ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने त्यांनी माफी योजना ठेवली होती. पुढे या, दंड नाही, बंदी नाही, घरी जा. म्हणजे व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडला. मामासारख्यांसाठी अमेरिकेने असा व्हॉल्व्ह उघडलेला नाही, आणि माझ्या मते हा त्या कायद्यातला डिझाइन फॉल्ट आहे. पण त्याविरुद्ध आपण लेख लिहून झडप उघडणार नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की त्या झडपेच्या पलीकडे जायचं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. हातापायांत बेड्या. त्यातले बरेचसे सीमा ओलांडून घुसलेले होते, मामासारखे व्हिसावर गेलेले नव्हते. पण मामी तो फरक ऐकायला थांबली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली.

आता तो फॉर्म. मामाची मुलगी, माझी ताई, आपल्यासारखीच इंजिनिअर. मामा गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिला एमएस करायचंय, अमेरिकेच्या एका युनिव्हर्सिटीत अॅडमिशनही मिळालीय. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये प्रश्न येतो, तुमचे वडील अमेरिकेत आहेत का? हो म्हटलं की पुढचा प्रश्न, त्यांचं स्टेटस काय? पर्याय असे: नागरिक, कायमचे रहिवासी, नॉन-इमिग्रंट, आणि शेवटचा 'इतर / माहीत नाही'.

ताई त्या पानावर अर्धा तास बसून होती. मला म्हणाली, "माहीत नाही कसं म्हणू गं? मला तर सगळं माहितीय."

वडील जास्त राहिले म्हणून मुलीला व्हिसा देऊ नये असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. पण शिकून झाल्यावर मी परत येईन हे ऑफिसरला पटवायची जबाबदारी अर्ज करणाऱ्याची असते. ज्याच्या वडिलांनीच सहा महिन्यांची चौदा वर्षं केली, त्याने ते कसं पटवायचं? मामीचा टूरिस्ट व्हिसा दोनदा नाकारला गेलाय. आणि खोटं लिहावं, तर पकडलं गेल्यावर आयुष्यभराची बंदी येऊ शकते. दोघीतिघींनी ताईला "वडील इथेच असतात असं लिही" हा सल्ला दिला. तिने ऐकलं नाही. खरं तेच भरलं. इंटरव्ह्यू अजून व्हायचाय.

एकाच्या ओव्हरस्टेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, हे फक्त घरापुरतं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने जास्त ओव्हरस्टे होणाऱ्या देशांच्या टूरिस्टांकडून ५,००० ते १५,००० डॉलरपर्यंत बाँड घ्यायला सुरुवात केली. पहिले दोन देश मलावी आणि झांबिया. वेळेवर परत येणाऱ्या माणसालाही आधी एवढे पैसे अडकवून ठेवायचे!

उलट एक चांगलं उदाहरणही सांगते. आमच्या शेजारचे काका-काकू जानेवारी २०२० मध्ये मुलीच्या बाळंतपणाला गेले आणि कोविडमध्ये विमानं बंद झाल्याने अडकले. मुलीने तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाकला. वेळेत आणि खऱ्या कारणाने केलेल्या अशा अर्जाचा निकाल लागेपर्यंतचे दिवस सहसा बेकायदेशीर धरत नाहीत. काका-काकू वंदे भारत मिशनच्या विमानाने परत आले, आणि दुसऱ्या नातवाच्या वेळी त्याच व्हिसावर पुन्हा जाऊन आले. अडचण त्यांनाही आली होती, पण त्यांनी तारखेच्या आधी सांगितलं.

मित्रांनो, सबमिशनची तारीख टळली तर आपण सरांच्या केबिनबाहेर उभं राहून एक्स्टेन्शन मागतो. तिथे "पुढचं पुढे बघू" चालत नाही. तुमच्या घरातलं कोणी परदेशी जाणार असेल तर आय-९४ ची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोणाची तारीख नुकतीच टळली असेल तर १८० दिवस व्हायच्या आत चांगल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि त्याला परत बोलवा. तो काय पाठवतोय त्यापेक्षा तो कधी येतोय हे विचारा. एवढं आम्ही केलं नाही.

हा लेख द्यायच्या आधी मी मामाला फोनवर वाचून दाखवला. त्याने नको म्हटलं असतं तर फाडून टाकणार होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते २०२३ चं गणित परत एकदा वाच." मी वाचलं.

"मला तेव्हा हे कोणी मांडून दाखवलं नाही गं," तो म्हणाला. "छाप तू."