पंचवीस डिसेंबरचे बंद लंडन

नाताळच्या सुट्टीत लंडन पाहून आलेल्या अध्यापक-मित्रांकडून एक तक्रार आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत. महाविद्यालयाला सुट्टी तेव्हाच, म्हणून जायचे तर त्याच दिवसांत. आणि नेमके त्याच दिवसांत शहर बंद. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी २४ ते २६ डिसेंबर बंद असतात. पंचवीस तारखेला भुयारी रेल्वे धावत नाही, लाल बसही नाही. काही अपवाद सोडल्यास २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडण्यास २००४ च्या कायद्याने मनाईच आहे. व्हिसापासून विमान-तिकिटापर्यंत एवढा खर्च करून हॉटेलच्या खिडकीतून ओला रस्ता पाहत बसायचे, याचा राग येणे स्वाभाविक आहे. पाच दिवसांच्या मुक्कामातले दोन-तीन दिवस हातचे गेले तर कोणीही चिडेल.

परंतु हा राग साहित्य शिकवणाऱ्याने व्यक्त केला की आम्हांस थोडी गंमत वाटते. नाताळ आणि लंडन यांची जी सांगड आपल्या मनात बसलेली असते, ती मुख्यतः डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'ने घातलेली आहे. आणि ती कथा सुरू होते ती जवळजवळ याच तक्रारीने. वर्षातून एक दिवस कारकुनाला पगारी सुट्टी द्यावी लागते, काम न घेता दाम मोजावे लागते, याचा स्क्रूजला संताप येतो. सुट्टी मिळते ती 'उद्या त्याहून लवकर ये' या अटीवर. आपल्या सोयीसाठी एका दिवसापुरते तरी शहर उघडे का नाही, असे जेव्हा प्रवासी विचारतो, तेव्हा तो कोणाच्या खुर्चीत बसून बोलत असतो?

आमचे म्हणणे असे, की हे पुस्तक आपण वर्गात फार गोड करून शिकवतो. तीन भुते येतात, कंजूष माणसाचे हृदयपरिवर्तन होते, टायनी टिम वाचतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला हे सारे शोभते. पण पुस्तकात पगाराचा आकडा आहे, त्याकडे आपण बोट दाखवत नाही. बॉब क्रॅचिटला आठवड्याला पंधरा शिलिंग मिळतात. १९ डिसेंबर १८४३ रोजी हे पुस्तक बाजारात आले तेव्हा त्याची किंमत पाच शिलिंग होती, आणि पहिल्या छपाईच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. म्हणजे ज्याच्या दुःखावर लंडन हळहळले त्या बॉबला ते पुस्तक घ्यायला आठवड्याचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. शिवाय २६ डिसेंबरची सुट्टी तेव्हा नव्हतीच. ती कायद्याने आली १८७१ साली. म्हणून तर कथेत बॉब दुसऱ्या दिवशी साडेअठरा मिनिटे उशिरा पोचतो आणि धापा टाकत माफी मागतो. ही साडेअठरा मिनिटे आम्हांला त्या तिन्ही भुतांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

तेव्हा शहर बंद असेल तर काय पाहावे? आमचे उत्तर: बॉबची वाट. सुट्टी मिळाल्यावर बॉब कॉर्नहिलच्या उतारावर पोरांच्या मागे रांगेत उभा राहून वीस वेळा घसरगुंडी खेळतो आणि मग कॅम्डन टाउनपर्यंत पळत घरी जातो. कॉर्नहिल आजही तिथेच आहे, बँकांच्या दगडी इमारतींमध्ये दबलेला. तिथून कॅम्डन टाउन साधारण पाच किलोमीटर. वाहने नसल्याने पंचवीस तारखेला ते पायीच गाठावे लागते, आणि पायी गाठल्याशिवाय त्या पळण्याचा अर्थ कळत नाही. सेंट पॉलच्या घुमटाखालून हॉबर्नला यावे. पुढे ग्रेज इन लागते. इथल्या एका वकिली कचेरीत १८२७ साली पंधरा वर्षांचा डिकन्स स्वतः कारकून होता, आणि जवळजवळ शतकानंतर याच संस्थेतून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले. मागेच डाउटी स्ट्रीटवर ४८ क्रमांकाचे घर आहे, जिथे 'ऑलिव्हर ट्विस्ट' लिहिली गेली. त्याचे दार त्या दिवशी उघडे असो वा नसो, रस्ता पाहण्यासारखा आहे. कॅम्डनला बेहॅम स्ट्रीटवर लहानग्या डिकन्सचे कुटुंब राहत असे. क्रॅचिटांचे घर त्याने तिथूनच उचलले असे अभ्यासक मानतात. पाय शिल्लक असतील तर तिथून वीसेक मिनिटांवर किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. उजेड मात्र लवकर गाठावा. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो.

इथे एक अडचण आहे, आणि ती खुद्द डिकन्सनेच घातलेली आहे. सक्तीने सगळे बंद ठेवणे त्याला मुळीच मान्य नव्हते. रविवारी करमणुकीची व कामधंद्याची दारे लावून घ्यावीत असा कायदा आणण्याची खटपट पार्लमेंटात चालली होती, तेव्हा १८३६ साली त्याने टोपणनावाने एक पुस्तिका लिहून तिला विरोध केला. श्रीमंताच्या घरी स्वतःचा स्वयंपाकी असतो; गरिबाला मोकळा दिवस एकच, आणि त्याच दिवशी तुम्ही त्याचे जग बंद करता, असा त्याचा रोख. ब्रिटिश म्युझियम रविवारी दुपारी उघडे ठेवा, अशी सूचनाही त्यात आहे. (ते प्रत्यक्षात यायला १८९६ साल उजाडले.) 'कॅरल'मध्येही हा वाद डोकावतो. क्रॅचिटांचे हंस-पक्ष्याचे जेवण शिजते ते घरी नव्हे, पाववाल्याच्या भट्टीत. त्या काळी गरीब वस्तीत मोठी भट्टी कोणाकडे असणार? भट्ट्या बंद करण्याचे खापर स्क्रूज भुतावर फोडू पाहतो, तेव्हा भूत ते साफ झिडकारते. आणि बदललेला स्क्रूज नाताळच्या सकाळी टर्की मागवतो, ती एका उघड्या दुकानातूनच.

मग आमचा युक्तिवाद कोसळतो का? आम्हांला तसे वाटत नाही. डिकन्सचा प्रश्न दार उघडे की बंद, हा नव्हता. कोणासाठी उघडे आणि कोणाच्या जिवावर, हा होता. १८३६ चा रविवार ज्याच्याकडे दुसरा दिवसच नव्हता त्याचा होता. आजच्या पंचवीस डिसेंबरला म्युझियमच्या पायऱ्यांवर उभा असलेला प्रवासी तो नव्हे. त्याच्यापाशी २७ तारीख आहे, परतीचे तिकीटही. गाडी चालवणारा, तिकीट तपासणारा आणि दालनात खुर्चीवर बसून दिवसभर चित्रांची राखण करणारी बाई यांना तो एक दिवस मिळतो. आणि सर्वांना मिळतो असेही नाही. आपण ज्या हॉटेलात रागावून बसलेले असतो तिथली चादर त्याही सकाळी कोणीतरी बदलतेच, न्याहारी कोणीतरी वाढतेच. शहर बंद आहे असे आपण म्हणतो तेव्हा ही माणसे आपण मोजलेलीच नसतात.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: संग्रहालये २७ नंतर ठेवा, चोवीस तारखेलाच थोडे खायचे जिन्नस घेऊन ठेवा आणि पायांत चांगले बूट घाला. कॉर्नहिलचा उतार ओला असतो.