स्वमग्न चालक आणि क्लचचे कोडे

मोटार शिकणाऱ्या कोणाही व्यक्तीची पहिली परीक्षा परिवहन कार्यालयाच्या चाचणी पथावर नव्हे, तर तिच्या डाव्या पायाखाली होत असते. क्लच किती सोडावा, त्याच वेळी अ‍ॅक्सिलेटर किती दाबावा, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला की पाय कोठे थांबवावा, ही सारी कसरत बहुतेकांच्या काही आठवड्यांत अंगवळणी पडते आणि पुढे तिचे भानही उरत नाही. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या अनेक व्यक्तींच्या बाबतीत हे भान सहजासहजी सुटत नाही. गिअर बदलण्याची प्रत्येक पायरी त्यांना दीर्घकाळ जाणीवपूर्वक पार पाडावी लागते. नेमक्या त्याच क्षणी समोरची रिक्षा वळते, मागून हॉर्न वाजतो आणि पादचारी रस्त्यात उतरतो.

'स्वमग्नता' या शब्दाने येथे थोडा घोटाळा केला आहे, हे नमूद केले पाहिजे. स्वतःतच हरवलेला माणूस गाडी कशी चालवणार, असा प्रश्न त्या शब्दावरून सहज सुचतो. वस्तुस्थिती अनेकदा नेमकी उलट असते. पुढच्या गाडीचा लुकलुकणारा दिवा, डॅशबोर्डची खरखर, काचेवर पडलेली तिरीप, रस्त्याकडेच्या फलकावरील अक्षरे हे सगळे सारख्याच तीव्रतेने मनावर आदळते. त्यातील बिनमहत्त्वाचे बाजूला सारणे हेच कष्टाचे काम ठरते. त्यात हातापायांच्या हालचालींचा मेळ साधण्याची अडचण स्वमग्न व्यक्तींमध्ये बरीच आढळते. दोन पाय, दोन हात आणि दोन डोळे यांना एकाच वेळी वेगवेगळी कामे सांगणारी हातगिअरची मोटार म्हणूनच त्यांच्यापैकी अनेकांना जड जाते.

तथापि सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. काही स्वमग्न चालकांना हातगिअरच अधिक भरवशाचा वाटतो. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे आणि तो कधी बदलणार, हे पूर्णतः त्यांच्या हाती असते. क्रम ठरलेला असतो आणि इंजिनाचा आवाज प्रत्येक पायरीची खूण देतो. उलट भारतात लोकप्रिय झालेल्या स्वस्त 'एएमटी' पद्धतीत यंत्र स्वतःच्या मर्जीने गिअर बदलते आणि बदलताना किंचित हिसकाही देते. अनपेक्षिताचे वावडे असलेल्याला तो हिसका क्लचपेक्षाही नकोसा वाटू शकतो.

या विषयावरील परदेशी संशोधनाचे दाखले आपल्याकडे देताना सावध राहावे लागते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातील नोंदींचा अभ्यास केला. बौद्धिक अक्षमता नसलेल्या स्वमग्न युवकांपैकी सुमारे एक तृतीयांश परवाना मिळवतात, आणि ज्यांना शिकाऊ परवाना मिळतो त्यांपैकी बहुतांश पुढे पक्का परवानाही मिळवतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आढळले. २०२१ मधील दुसऱ्या अभ्यासात या नवचालकांच्या अपघातांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत अधिक नसल्याचे दिसले. बेदरकार वेगामुळे होणारे अपघात त्यांच्याकडून कमी घडतात. डावीकडे वळताना आणि इतरांना वाट देताना मात्र त्यांची अडचण होते. तेथील डावे वळण म्हणजे समोरून येणारी वाहतूक छेदून घेतलेले वळण, आपल्याकडचे उजवे. हे निष्कर्ष दिलासा देणारे असले तरी त्यांत क्लचचा हिशेब जवळजवळ नाही. अमेरिकेतील बहुसंख्य मोटारी आपोआप गिअर बदलणाऱ्या आहेत.

हातगिअरचे देश म्हणजे ब्रिटन आणि भारत. ब्रिटनमध्ये ज्याने स्वयंचलित गिअरच्या मोटारीवर चाचणी दिली, त्याचा परवाना तेवढ्याच मोटारींपुरता मर्यादित राहतो. त्यामुळे क्लचशी झुंजावे की तो सोडून द्यावा, हा निर्णय तेथील स्वमग्न शिकाऊ चालकाला आरंभीच घ्यावा लागतो. आरोग्याविषयीच्या घोषणेचा प्रश्नही तेथे उघडपणे लढवला गेला. २०१९ च्या आरंभी तेथील परवाना यंत्रणेने सर्वच स्वमग्न चालकांनी आपले निदान कळवावे, असा अर्थ निघणारी सूचना प्रसृत केल्याचे लक्षात आले. स्वमग्न व्यक्तींनी आणि त्यांच्या संस्थांनी गदारोळ केल्यावर मार्चमध्ये ती मागे घेण्यात आली. निदानामुळे सुरक्षित वाहनचालनावर परिणाम होत असेल तरच कळवावे, हा मूळ दंडक कायम राहिला.

भारतात अशी लढाई झालेली नाही, कारण लढण्याजोगा नियमच नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली आणि त्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश केला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखालील अर्जात अपस्माराविषयी, दृष्टीविषयी, हातापायांविषयी विचारणा असते आणि शेवटी, वाहन चालविल्यास जनतेस धोका संभवेल असा अन्य कोणताही आजार वा अपंगत्व आहे काय, असा एक सर्वसमावेशक प्रश्न येतो. सामान्य अर्जदार त्यावर न वाचताच 'नाही' अशी खूण करतो. स्वमग्न अर्जदार तो शब्दशः वाचतो. 'धोका संभवेल' म्हणजे किती, हे कोण ठरवणार? प्रौढपणी निदान झालेल्या व्यक्तीकडे बहुधा अपंगत्वाचे प्रमाणपत्र नसते. 'होय' लिहावे तर पुढे काय तपासले जाणार याची वाट आखलेली नाही. 'नाही' लिहावे तर पुढे अपघात झाल्यास आपणच खोटे ठरू, ही धास्ती.

वाट आखता येत नाही असेही नाही. कर्णबधिरांना परवाना नाकारता येणार नाही, चाचणीत ते उत्तीर्ण झाले पाहिजेत एवढेच, अशी भूमिका २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मान्य झाली. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये नियमच बदलले. दोन्ही प्रसंगी निदानाऐवजी प्रत्यक्ष क्षमता हा निकष मानला गेला.

चाचणीचे स्वरूप पाहता मात्र हा निकषही अपुरा पडतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांत अपेक्षित असलेला चालक सर्व गिअर क्रमाने टाकतो, उतारावर चटकन खालचा गिअर घेतो आणि चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरवता पुढे काढतो. भोसरीसारख्या ठिकाणच्या संगणकीकृत पथावर तर सारा मार्ग आखलेला असतो. आठचा आकडा, चढ, उलट गाडी घेणे, सारे आधी ठाऊक. सरावाने क्रम पक्का करणाऱ्या स्वमग्न उमेदवाराला ही चाचणी कदाचित इतरांपेक्षा सोपी जाईल. खरी परीक्षा फाटकाबाहेर सुरू होते.

कारण आपली वाहतूक लिखित नियमांपेक्षा संकेतांवर चालते. ट्रकने उजवा दिवा दाखवला तर तो वळणार आहे, की मागच्याला पुढे जाण्यास सांगतो आहे? समोरच्याने हेडलाइट लुकलुकवला तर ब्रिटनमध्ये तो बहुधा 'तुम्ही जा' म्हणतो, आपल्याकडे 'मी येतोय, थांबा'. हॉर्न हा इशारा, विनवणी, राग आणि सवय या चारही अर्थांनी वाजतो. लाल दिव्याला थांबलेल्या चालकाला मागून शिव्या बसतात. नियम पाळणाऱ्यालाच गोंधळात टाकणारी ही भाषा कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवली जात नाही.

किंबहुना त्या वर्गांत क्लचही पुरता शिकवला जात नाही. दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत प्रशिक्षक आपल्या बाजूचा क्लच आणि ब्रेक सांभाळतो, शिकणारा स्टिअरिंग फिरवतो आणि ठरलेल्या फेऱ्या संपतात. 'हाफ क्लच धर' एवढ्या आज्ञेने ज्याचे काम भागते त्याचे ठीक. ज्याला अर्धा म्हणजे नेमका किती, हे कळल्याखेरीज पुढे जाता येत नाही, त्याच्यासाठी आधी नुसता क्लच, मोकळ्या मैदानात, अ‍ॅक्सिलेटरला स्पर्शही न करता गाडी हळूच सरकेपर्यंत सोडण्याचा सराव करून घ्यावा लागतो. मग सपाट रिकामा रस्ता, मग चढ, आणि शेवटी गर्दी. एका वेळी एकच नवी गोष्ट, असा हा क्रम आहे. त्यास अधिक तास लागतात, खर्चही वाढतो.

दुसरा मार्ग क्लच टाळण्याचा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर 'एएमटी' सामान्यांच्या आवाक्यात आली. आजही तिच्यासाठी सुमारे ५० हजार रुपये अधिक मोजावे लागतात, आणि प्रशिक्षण वर्गांच्या गाड्या मात्र बहुतांशी हातगिअरच्याच आहेत. कायद्याची गंमत अशी, की दुचाकीच्या परवान्यात 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असे दोन वर्ग आहेत, मोटारीच्या परवान्यात नाहीत. स्वयंचलित गाडीवर चाचणी देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हातगिअरची गाडी खंबाटकी घाटात नेण्यास भारतीय कायदा अडवत नाही. स्वमग्न व्यक्तीला ही सवलत वरदान वाटेल, पण घाटातील रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीला ती तशी वाटेलच असे नाही. परवान्याची स्वतंत्र वर्गवारी करायची झाल्यास आधी प्रशिक्षण वर्गांत स्वयंचलित गाड्या यायला हव्यात. अन्यथा ज्यांच्यासाठी ती करायची, त्यांनाच शिकण्यास गाडी मिळणार नाही.