चाकांवरच्या घरात नळ गळला, तर वॉरंटी नेमकी कुणाची?

कोरोनाच्या काळात हॉटेल नको आणि विमानही नको, म्हणून अमेरिकन लोकांनी आरव्हीवर, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकलवर उड्या टाकल्या. २०२१ मध्ये कंपन्यांनी ६ लाखांहून जास्त आरव्ही कारखान्याबाहेर पाठवल्या. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला. विक्री ओसरली, तक्रारी मात्र राहिल्या. त्यातली नेहमीची एक म्हणजे नवीकोरी गाडी आणि सिंकखाली पाणी.

वर्षभराची वॉरंटी आहे, मग अडचण काय? तेच समजून घेऊ.

गळती साधी का नसते?

अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. आत पेक्स नावाचे प्लास्टिकचे पाइप, १२ व्होल्टचा पंप आणि टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची, एक शौचालयाची. रस्त्यावर धावताना हे सगळं घर हादरत असतं. एखाद्या जोडावरची रिंग नीट दाबली गेली नसेल, तर पाणी थेंबथेंब लाकडी तळात मुरतं. दिसेपर्यंत तळ फुगलेला असतो.

वॉरंटी त्या जोडाची असते. त्यामुळे झालेलं पुढचं नुकसान मात्र बहुतेक वॉरंट्यांमध्ये वगळलेलं असतं. थंडीत पाइप गोठून फुटला, तर तोही ग्राहकाच्या माथी. म्हणून तिथे हिवाळ्याआधी पाइपमधलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरतात. ते केलं होतं याची पावती नसेल, तर कंपनीला नकाराचं आयतं कारण मिळतं.

मग दुरुस्ती कोण करणार?

इथून टोलवाटोलवी सुरू होते. गाडी विकली डीलरने, घर बांधलं आरव्ही कंपनीने, पंप बनवला तिसऱ्याने. मोटरहोम असेल तर चासी चौथ्याची, आणि तिची वॉरंटी वेगळी. डीलरला आधी कंपनीची मंजुरी घ्यावी लागते. या कामाचे तास आणि दर कंपनी ठरवते. रोख पैसे देणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना वॉरंटीची गाडी मागे पडते, ही ग्राहकांची जुनी तक्रार आहे. कुशल टेक्निशियनही कमी आहेत. म्हणून उद्योगाने २०१९ मध्ये एल्कहार्टला प्रशिक्षण संस्था सुरू केली.

गाडी डीलरच्या अंगणात उभी असते, सुट्टीचा हंगाम निघून जातो आणि वॉरंटीचं वर्षही संपत येतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, दुरुस्तीला दिल्यापासूनचे दिवस वॉरंटीतून धरले जात नाहीत. अशी तरतूद सगळीकडे असती तर निम्मा त्रास वाचला असता.

‘लेमन लॉ’ कामी येत नाही का?

सदोष गाडी परत घ्यायला लावणाऱ्या राज्यांच्या कायद्यांना लेमन लॉ म्हणतात. पण अनेक राज्यांत मोटरहोमचं इंजिन आणि चासी त्यात येतात, राहण्याचा भाग येत नाही. कॅलिफोर्नियाच्या लेमन लॉमध्येही मोटरहोमचा राहण्याचा भाग ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे गिअरबॉक्स बिघडला तर हा कायदा, नळ गळला तर दुसरा रस्ता शोधा. टेक्सासमध्ये मात्र गाडीमागे ओढायच्या आरव्हीही लेमन लॉमध्ये येतात.

उरतो १९७५ चा केंद्रीय मॅग्नसन-मॉस कायदा. लेखी वॉरंटी पाळली नाही तर ग्राहक दावा करू शकतो आणि जिंकल्यास वकिलाचा खर्चही मिळू शकतो. फक्त त्याआधी कंपनीला दुरुस्तीची वाजवी संधी द्यावी लागते. २०१९ मध्ये शिकागोच्या केंद्रीय अपील न्यायालयापुढे बिघाडांनी भरलेल्या मोटरहोमचं प्रकरण आलं. ग्राहकांनी कंपनीला पुरेशी संधी दिल्याचं सिद्ध झालं नाही आणि ते हरले.

म्हणून फोनवरच्या तक्रारीवर विसंबू नये. गळती दिसली की त्याच दिवशी ईमेल, फोटो, आणि प्रत्येक वेळी डीलरकडून तारखेसह वर्कऑर्डर. ‘तपासलं, दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं तरी तो कागद ठेवायचा. घरी येणाऱ्या टेक्निशियनकडून काम करायचं असेल तर कंपनीची लेखी मंजुरी आधी. नाहीतर बिल आपलंच.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडेही चासी एकाची आणि आतलं बांधकाम दुसऱ्याचं, असा प्रकार असतोच. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात इंजिन आणि नळ असा भेद नाही, वस्तूतला दोष हा दोषच. तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. एल्कहार्टच्या कित्येक कंपन्यांच्या वॉरंटीत मात्र लिहिलेलं असतं की, दावा करायचा तर इंडियानातच.