उगमाचे ऋण

आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की लासुर्णे परिसरातील घरे वारकऱ्यांच्या सेवेत रंगून जातात. हेच वारकरी पुढे पंढरीत चंद्रभागेचे स्नान करतात. ही चंद्रभागा म्हणजेच भीमा. ती उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरमाथ्यावर. चासकमान आणि उजनीचे जलाशय भरीत, इंदापूर तालुक्याला वळसा घालीत नीरा-नरसिंहपूरला नीरेस भेटते आणि मग पंढरीकडे वळते. वारीच्या वाटेवरील गावांचे भीमाशंकरशी असे दुहेरी नाते आहे; ज्योतिर्लिंगाचे आणि पाण्याचेही.

श्रावणात व महाशिवरात्रीला मैदानी भागातील असंख्य कुटुंबे तेथे जातात. दर्शन घेतात, प्रसाद बांधून घेतात आणि परततात. नाना फडणवीसांनी उभारलेले शिखर पाहिले जाते. भोवतालचे अरण्य मात्र केवळ वाटेत लागते. वस्तुतः ते अरण्यही त्या देवस्थानाचेच अंग आहे. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ साली अभयारण्य घोषित झाले, ते मुख्यत्वे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूच्या रक्षणासाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी लागून असेल तरच त्याचा संसार चालतो. जंगलाची सलगता तुटली की तो संपला. पावसाचे पाणी धरून ठेवून ते हळूहळू ओढ्यांत सोडणारी मातीही याच वृक्षांच्या मुळांनी बांधलेली असते.

हे वन टिकवण्यास कायदा फार उशिरा आला. त्यापूर्वी शतकानुशतके ते देवाच्या धाकाने आणि प्रेमाने टिकले. आहुपे आदी गावांच्या देवरायांत कुऱ्हाड चालत नसे. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा या लोकश्रद्धेचे मोल विद्वानांनाही उमगले. भात-नाचणी पिकवणारे, हिरडा गोळा करणारे महादेव कोळी बांधव हेच या परंपरेचे खरे वारसदार. अभयारण्याच्या निर्बंधांचा भार प्रथम त्यांच्यावर पडतो. मग येणाऱ्यांचा लाभही प्रथम त्यांनाच का मिळू नये?

आपण मात्र तेथे काय ठेवून येतो? प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि गाड्यांचा कर्कश गोंगाट. हे डोंगर किती नाजूक आहेत, हे ३० जुलै २०१४ रोजी याच डोंगररांगेतील माळीण गावाने जीव गमावून दाखवून दिले. दरडीखाली सुमारे दीडशे माणसे गेली. त्यानंतरही रस्ते, इमारती आणि वाहनतळ यांचाच विकास म्हणून गजर होणार असेल, तर तो धडा वाया गेला असेच म्हणावे लागेल.

म्हणून भीमाशंकरची सहल नव्हे, यात्रा व्हावी. एक दिवस अधिक काढावा. गावातल्या घरी नाचणीची भाकरी खावी, त्याचे योग्य मोल द्यावे. स्थानिक वाटाड्यासह पायी रान पाहावे, मुलांना शेकरूचे घरटे दाखवावे, देवराईत पादत्राणे काढून जावे आणि आपला कचरा आपल्यासोबत परत आणावा. शासनाने व देवस्थानाने गर्दीच्या दिवशी वाहने पायथ्याशी थांबवावीत आणि प्रत्येक निर्णयात तेथील ग्रामसभांना सामील करून घ्यावे.

चंद्रभागेत डोके बुडवताना ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो, ते उगमापाशी निर्मळ राखणे हीही वारीच आहे.