विश्लेषण : गांजाची तीन झाडे कायदेशीर, पण वाळवणीचे काय?

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी गांजाची तीन झाडे लावण्याची मुभा आहे. या निर्णयावर चर्चा झाली ती लागवडीची. खरी अडचण मात्र कापणीनंतर, वाळवताना सुरू होते आणि तिथे कायदा जवळपास गप्प आहे.

मर्यादा किती?
घरात ५० ग्रॅम, घराबाहेर २५ ग्रॅम. हे वजन वाळलेल्या मालाचे. घरात ६० ग्रॅमच्या पुढे गेल्यास फौजदारी गुन्हा. ताज्या फुलोऱ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. तरीही चांगले वाढलेले एकच झाड वाळल्यावर ५० ग्रॅमहून अधिक भरू शकते. जास्तीचा माल मित्राला फुकट देणेही बेकायदा. म्हणजे नियम पाळायचा तर तो नष्टच करावा लागतो.

वाळवणीत धोका कोणता?
मिरचीसारखा हा माल उन्हात घालत नाहीत. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत साधारण आठवडा-दोन आठवडे टांगतात. मग काचेच्या बरणीत भरून, अधूनमधून झाकण उघडत, काही आठवडे मुरवतात. घाई केली की फुलोरा बाहेरून कोरडा, आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो. ती दरवेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही. ॲस्परजिलससारखी बुरशी धुरावाटे फुप्फुसात गेल्यास प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना गंभीर संसर्ग होऊ शकतो.

मग हवे काय?
काळ्या बाजारातील भेसळीपासून लोकांना वाचवणे, हा या कायद्याचा एक हेतू. औषध दुकानातील गांजा तपासून येतो, घरच्या बरणीतला कोणीच तपासत नाही. स्वस्त तपासणी केंद्रे आणि अर्धवट वाळलेल्या मालाचे वजन कसे धरायचे याचा स्पष्ट नियम, एवढे तरी सरकारने द्यायला हवे. सरकारी पैशाने नशेची तपासणी कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण परवानगी दिल्यावर जबाबदारी झटकता येत नाही.

भारतात काय?
१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार फुलोरा म्हणजे गांजा. परवान्याविना एक झाड लावणेही गुन्हा. जर्मनीतील सवलत सहा महिन्यांहून अधिक काळ तिथे राहणाऱ्यांना आहे. तिथे शिकणाऱ्या मराठी तरुणांनी लक्षात ठेवावे : ती बरणी बॅगेत घालून मुंबईला आणली, तर ती अमली पदार्थांची तस्करीच ठरते.